शाळेतला हरवलेला धडा कसा शोधायचा

बाजारात भाव मिळत नाही म्हणून एक शेतकरी स्वतःचेच टोमॅटो पायाखाली तुडवतो आणि जमिनीवर लाल राडा होतो. मराठीच्या तासाला हा धडा ज्यांनी वाचला, त्यांच्या डोळ्यांपुढे ते दृश्य आजही जसंच्या तसं उभं राहतं. नाव विचारलं की मात्र पंचाईत होते. ‘टोमॅटो’, ‘बाप’, ‘आठवडी बाजार’ हे शब्द घेऊन शोधायला बसावं, तर शीर्षकात त्यातलं काहीच नाही. कथेचं नाव ‘लाल चिखल’, लेखक भास्कर चंदनशिव, आणि ती दहावीच्या कुमारभारतीत होती.

ही कथा असंख्य लोकांच्या आठवणीत आहे, म्हणून आज चटकन सापडते. बाकीच्या शेकडो धड्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं नसतं, लेखकाचे संग्रह दुकानात नसतात, आणि आपल्याजवळ असतं ते फक्त एक चित्र: विहिरीच्या काठावरचा मुलगा, फाटक्या छत्रीचे मास्तर, परत न आलेला बैल. असा धडा शोधणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक एकच असते. ते गोष्ट शोधत बसतात. शोधायचं असतं पुस्तक. कोणत्या साली, कोणत्या इयत्तेत, कोणत्या माध्यमाचं पुस्तक हातात होतं एवढं पक्कं झालं, की वीस-पंचवीस धड्यांची अनुक्रमणिका समोर येते आणि काम वीस मिनिटांचं उरतं.

आधी कागद, मग मोबाइल

शोध सुरू करण्यापूर्वी आठवतंय ते सगळं लिहून काढा. आधी का, तर दोन-चार धडे चाळले, चार जणांशी बोललं, की त्यांचे तपशील आपल्या आठवणीत मिसळतात आणि मग मूळचं आपलं काय आणि ऐकलेलं काय हे वेगळं काढता येत नाही.

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ज्याबद्दल खात्री आहे ते, उजवीकडे ‘बहुधा’. प्रसंग, पात्रांची नावं, गाव, ऋतू, प्राणी, वस्तू, एखादं वाक्य, धड्यासोबतचं चित्र, धडा पुस्तकात सुरुवातीला होता की शेवटी, खालचा स्वाध्याय, बाईंनी किंवा सरांनी वर्गात काय सांगितलं होतं, हे सगळं येऊ द्या. गोष्टीबाहेरच्या खुणा जास्त कामाच्या असतात. कोणती शाळा, कोणती बाकं, वर्गशिक्षक कोण, धडा पावसाळ्यात झाला की परीक्षेच्या तोंडावर, यांवरून इयत्ता ठरते. जूनमध्ये शिकवलेला धडा पुस्तकाच्या पहिल्या पंधरा-वीस पानांत असणार, फेब्रुवारीतला शेवटाकडे.

आठवण कुठे फसवते हेही ठाऊक असू द्या. नावं सगळ्यात आधी जातात. अपरिचित वस्तूच्या जागी परिचित वस्तू येऊन बसते. शेवट आपल्याला हवा तसा होतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना एक परकी लोककथा पुनःपुन्हा आठवून सांगायला लावली आणि १९३२ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं: माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, आठवताना ती पुन्हा रचतो.

मराठीतलं उदाहरण ‘श्यामची आई’मधलं. अंघोळ झालेला मुलगा ओल्या पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट करतो आणि आई आपलं लुगडं पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते. बहुतेकांच्या आठवणीत आई ‘पदर’ पसरते. साने गुरुजींचा शब्द आहे ‘ओचे’. आता ‘पदर’ हा शब्द घेऊन मजकुरात शोध घेतला, तर नेमका तोच प्रसंग निसटतो. म्हणून लक्षात राहिलेल्या प्रत्येक वस्तूसाठी तीन-चार पर्यायी शब्द कागदावर लिहून ठेवा: पदर, ओचा, लुगडं, पातळ, किंवा कंदील, चिमणी, दिवटी, बत्ती. गोष्ट जितकी जुनी, तितका तिचा शब्द आपल्या आजच्या शब्दापासून लांब असणार.

साल काढायचं गणित

दहावीची परीक्षा ज्या साली दिली तो आकडा घ्या. त्यातून ११ वजा करा आणि हवी ती इयत्ता मिळवा. आलेल्या सालच्या जूनमध्ये ते वर्ष सुरू झालं. उदाहरणार्थ, दहावी मार्च १९९४. चौथीचं वर्ष काढायचं आहे: १९९४ वजा ११ अधिक ४, म्हणजे १९८७. चौथीचं पुस्तक जून १९८७ मध्ये हातात आलं. जुन्या पद्धतीने, म्हणजे १९७५ च्या आधी, अकरावीला मॅट्रिक झालेल्यांनी ११ ऐवजी १२ वजा करावेत. अकरावी मार्च १९७२ असेल तर सातवी जून १९६७ ला सुरू झाली. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल, तर त्याआधीच्या इयत्तांसाठी आणखी एक वजा.

इयत्तेबद्दल शंका असेल तर मागची-पुढची एकेक इयत्ता धरून तीन पुस्तकांची यादी करा. आठवणीतली इयत्ता एकाने चुकणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः दोन्ही वर्षं एकच शिक्षक असतील तर.

आता यातला कळीचा मुद्दा. अभ्यासक्रम बदलतो तेव्हा सगळ्या इयत्तांची पुस्तकं एकदम बदलत नाहीत. महाराष्ट्रातला २०१३ पासूनचा बदल पाहा: पहिली-दुसरी २०१३, तिसरी-चौथी २०१४, पाचवी २०१५, सहावी २०१६, सातवी आणि नववी २०१७, आठवी आणि दहावी २०१८, अकरावी २०१९, बारावी २०२०. म्हणजे २०१७ च्या जूनमध्ये दहावीत गेलेल्या ताईने आणि २०१८ च्या जूनमध्ये गेलेल्या धाकट्या भावाने वेगवेगळी पुस्तकं वाचली. ‘माझ्या बहिणीला हा धडा नव्हता, म्हणजे माझाच काहीतरी घोळ होतोय’ असा निष्कर्ष काढून शोध सोडून देऊ नका.

उलट बाजूही आहे. एकदा आलेलं पुस्तक अनेक वर्षं तसंच छापलं जातं. त्यामुळे तुमच्या सालचंच पुस्तक मिळायला हवं असं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर ‘प्रथमावृत्ती’ आणि त्याखाली ‘पुनर्मुद्रण’ अशी सालं असतात. प्रथमावृत्तीचं साल तुमचंच किंवा त्याआधीचं, आणि त्यानंतरचं नवीन पुस्तक तुमच्या सालानंतरचं, एवढं जुळलं की तेच तुमचं पुस्तक. १९८७ चं पुस्तक शोधताना यादीत १९८७ दिसत नाही म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि हाताशी आलेलं घालवतात.

नेमकं कोणतं पुस्तक

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपण ज्याला सरळ बालभारती म्हणतो ती संस्था, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेका इयत्तेची पुस्तकं येत गेली. मराठी माध्यमात अलीकडे आठवीपर्यंत ‘बालभारती’, नववी-दहावीला ‘कुमारभारती’, अकरावी-बारावीला ‘युवकभारती’. इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा गुजराती माध्यमातून शिकलेल्यांचं मराठीचं पुस्तक वेगळं असतं. ‘सुलभभारती’ हे नाव त्यांच्या कानावरचं. माध्यम चुकलं तर साल आणि इयत्ता अचूक असूनही धडा मिळत नाही, म्हणून हे आधी ठरवा.

१९६७ च्या आधी शिकलेल्या आजी-आजोबांसाठी धडा शोधत असाल, तर प्रश्न बदलतो. तेव्हा खासगी प्रकाशकांच्या मंजूर वाचनमाला चालत आणि शाळेगणिक पुस्तक वेगळं असे. आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’, ‘अरुण वाचन’, ‘मंगल वाचन’ ही नावं त्यांच्यासमोर एकेक करून घ्या. नाव ऐकल्यावर ओळख पटते, आपणहून आठवत नाही.

बेळगाव, निपाणी भागात मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटक सरकारची असतात, बडोद्याकडे गुजरात सरकारची. गोव्यात शिकलेल्यांनी आपल्या शाळेत कोणत्या मंडळाचं पुस्तक होतं ते आधी विचारून घ्यावं. पुण्या-मुंबईच्या मित्रांना तुमचा धडा आठवत नसेल तर हेही एक कारण असू शकतं.

आणि जिथे भले भले अडकतात ती गोष्ट: तो धडा मराठीच्या पुस्तकातला होता, हे तुम्ही कशावरून म्हणता? मराठी माध्यमाच्या शाळेत हिंदीचा आणि इंग्रजीचा धडा शिक्षक मराठीतून समजावून सांगत. पंचवीस वर्षांनी डोक्यात उरतो तो मराठी खुलासा. जत्रेत सगळी पोरं खेळणी घेतात आणि एक पोरगा आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा घेऊन येतो, ही गोष्ट मराठीत वाचल्याचं लोक शपथेवर सांगतात. ती प्रेमचंदांची ‘ईदगाह’, १९३३ ची हिंदी कथा. आजारी मुलीला वेलीचं शेवटचं पान गळेल तेव्हा आपण जाणार असं वाटत असतं आणि म्हातारा चित्रकार भिंतीवर पान रंगवून ठेवतो, ती ओ. हेन्री यांची इंग्रजी कथा. तेव्हा पात्रांची नावं परकी वाटत असतील, बर्फ, चिमणीचा धूर, ईद, नाताळ असलं काही आठवत असेल, तर त्या वर्षाची हिंदी आणि इंग्रजीची पुस्तकंही यादीत घ्या.

त्याच पुस्तकातलं ‘स्थूलवाचन’ही विसरू नका. परीक्षेच्या दृष्टीने त्याला वजन कमी, म्हणून वर्गात ते भराभर उरकलं जाई. पण कित्येकांना कायमची लक्षात राहिलेली कथा तिथलीच असते. प्रश्नोत्तरांचं ओझं नसल्यामुळे मुलं ती नुसती गोष्ट म्हणून वाचत.

पुस्तक मिळवणं

पहिलं ठिकाण बालभारतीचंच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकांबरोबर जुन्या पाठ्यपुस्तकांचा संग्रह आहे. इयत्ता, माध्यम, विषय निवडून पुस्तक उघडा, आणि सरळ अनुक्रमणिकेवर जा. शीर्षकावरून काही बोध झाला नाही तर प्रत्येक धड्याचा पहिला परिच्छेद आणि चित्र पाहा. एका पुस्तकाला वीस मिनिटं पुरतात, तीन पुस्तकांना एक तास.

इथे मजकुरात शब्द टाकून शोधायच्या फंदात पडू नका. जुनी पुस्तकं म्हणजे पानांची छायाचित्रं असतात, त्यात शोधण्याजोगी अक्षरंच नसतात. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार झालेल्या फाइलींत अक्षरं असतात, पण आत साठवलेले संकेत वेगळे असतात. ‘शाळा’ असं दिसणारं कॉपी करून पेस्ट केलं तर भलतीच चिन्हं उमटतात. त्यामुळे ‘शून्य निकाल’ याचा अर्थ ‘धडा नाही’ असा होत नाही. शोधयंत्रालाही नेमकी हीच अडचण येते. एखादं पान तपासायचंच असेल तर त्याचा स्पष्ट फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

शोधयंत्र वापरताना धड्याचं वर्णन लांबलचक वाक्यात न लिहिता दोन ठळक गोष्टी आणि ‘कथा’ किंवा ‘कथासंग्रह’ हा शब्द द्या. ‘धडा’, ‘स्वाध्याय’, ‘इयत्ता’ हे शब्द टाकले की चालू अभ्यासक्रमाच्या प्रश्नोत्तरांचा पूर येतो आणि जुनं सगळं त्याखाली गाडलं जातं. लेखन जुनं असेल तर जुन्या शुद्धलेखनाने शोधा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार भरपूर. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो प्रती आहेत, पण त्यांची नावं बहुतेक वेळा रोमन लिपीत आणि मनाला येईल तशा स्पेलिंगने नोंदवलेली. एकच नाव चार प्रकारे लिहून बघा, ‘ळ’साठी एल, ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही.

संगणकावरच्या संभाषण-यंत्रांना विचारलं तर ती तत्काळ लेखक, संग्रह, साल सगळं सांगून मोकळी होतात. मराठी पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत त्यातलं बरंच रचलेलं असतं. तिथून मिळालेलं नाव हा फक्त एक अंदाज धरा आणि पुस्तकात पान दिसेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नका.

ऑनलाइन मिळालं नाही तर ग्रंथालय. पुण्यात सेनापती बापट मार्गावर बालभारतीचं स्वतःचं ग्रंथालय आहे आणि जुन्या क्रमिक पुस्तकांसाठी ती सगळ्यात खात्रीची जागा. आधी फोन किंवा पत्र करून, साल, इयत्ता, माध्यम कळवून मगच जा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पुणे मराठी ग्रंथालय (१९११) आणि पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय इथे कथासंग्रह आणि जुनी मासिकं मिळतात. पाठ्यपुस्तकं मात्र सार्वजनिक वाचनालयं सहसा जपत नाहीत. वर्ष संपलं की ती रद्दीत जातात, म्हणूनच मागच्या पिढीचं बालभारती इतकं दुर्मीळ. तेव्हा वाचनालयात जाताना लेखकाचं नाव किंवा किमान चार संभाव्य लेखकांची यादी घेऊन जा. ग्रंथपालाला ‘एक गोष्ट होती...’ असं सांगण्यापेक्षा ‘१९६० ते १९८५ मधले ग्रामीण कथासंग्रह बघायचे आहेत’ असं सांगितलं, तर तो तुम्हाला नेमक्या कपाटापाशी नेतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल इथे जुन्या पुस्तकांत पाठ्यपुस्तकंही अधूनमधून येतात. आणि माळ्यावरची ट्रंक. गावाकडच्या घरी, मोठ्या काकांच्या पुस्तकांत, शाळेतल्या शिक्षकांच्या घरी जुनी पुस्तकं अजून निघतात. निवृत्त शिक्षकांकडे तर नमुना प्रती असतात, आणि ज्याने एकच धडा पंधरा वर्षं शिकवला त्याच्यापेक्षा तो कुणाला जास्त पाठ असणार?

पुस्तकात नव्हताच, असं निघालं तर

तिन्ही इयत्तांची तिन्ही भाषांची पुस्तकं पाहून झाली आणि गोष्ट नाही. मग ती शाळेत वाचली होती हे खरं, पण पुस्तकातली नव्हती. ऑफ तासाला बाईंनी मोठ्याने वाचलेली, शाळेच्या पेटीतल्या पुस्तकातली, किंवा मासिकातली.

‘किशोर’ मासिक बालभारतीनेच नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं. शाळाशाळांत ते येत असे आणि मराठीतले मोठमोठे लेखक त्यात लिहीत. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. इथेही पद्धत तीच: तुमच्या वर्षाचे बारा अंक आणि आधीच्या दोन वर्षांचे. दिवाळी अंक सगळ्यात आधी बघा. जाड असल्यामुळे तो वर्गात सगळ्यात जास्त हिंडायचा. ‘निवडक किशोर’चे खंडही आहेत, त्यांत कथा एकत्र सापडतात. राजे, राक्षस, वेताळ, रंगीत चौकटीतली चित्रं असं काही आठवत असेल तर ‘चांदोबा’, जो मराठीत १९५२ पासून होता. परदेशी गाव, गुळगुळीत कागद, ठसठशीत रंगीत चित्रं, पण भाषा मराठी, असं असेल तर सोव्हिएत काळातली मराठी अनुवादित पुस्तकं. लोकवाङ्मय गृहामार्फत ती स्वस्तात मिळत आणि अनेक शाळांनी बक्षीस म्हणून वाटली.

पशुपक्षी, सासू-सून, चतुर म्हातारी, सात भाऊ अशी गोष्ट असेल तर ती लोककथा. तिचा एकच एक मूळ लेखक शोधण्यात अर्थ नाही. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीसाठी संपादित केलेले खंड, पंचतंत्र, हितोपदेश, इसापनीती यांत कथाबीज मिळेल. तुम्ही वाचलेलं नेमकं रूप मात्र त्या-त्या पाठ्यपुस्तकातच असतं. लहान इयत्तांच्या बऱ्याच धड्यांवर लेखकाचं नाव नसायचं, त्यामुळे तिथे शोध पुस्तकाशीच संपतो.

माणसांना विचारताना

वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘तो बैलाचा धडा आठवतो का रे?’ असं टाकलं की पाच मिनिटांत तीन वेगळ्या बैलांचे तीन धडे येतात, त्यावर वाद होतो, आणि तुमचा बैल कोणता हे तुम्हालाही सांगता येत नाही. विचारणं नेमकं हवं. असं:

‘मराठी माध्यम, सहावी किंवा सातवी, १९८९ ते १९९१. मराठीचा धडा, कथा. नक्की आठवतं ते: एक मुलगा आजारी बैलाजवळ रात्रभर गोठ्यात बसतो, सकाळी वडील बाजारातून परत येतात. बहुधा: मुलाचं नाव दोन अक्षरी, पाऊस, शेवटी बैल जगतो. चित्रात कंदील होता. हे धडे नव्हेत हे तपासलं आहे: ...’

खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं, सालाची कक्षा दिलेली, काय बाद झालं तेही सांगितलेलं. वाचणाऱ्याला विचार करायला धागा मिळतो. शक्य असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र विचारा. एकाने उत्तर दिलं की बाकीच्यांची आठवण त्याच्यामागे वळते. शेवट सुरुवातीला सांगू नका. ज्याला तो धडा खरोखर आठवतो तो शेवट स्वतःच सांगेल, आणि तुमच्याशी जुळला तर तो मोठा पुरावा.

सापडल्यावर

हाच तो, असं वाटलं तरी तीन गोष्टी पडताळा. डाव्या रकान्यातलं मुख्य दृश्य आहे का? पुस्तकाची प्रथमावृत्ती तुमच्या सालाशी जुळते का? आणि एखादा फालतू वाटणारा पण विचित्र तपशील, म्हणजे चित्रातला कंदील, एखादं नाव, एखादा शब्द, सापडतो का? हा तिसरा नसेल तर मन म्हणतंय म्हणून थांबू नका. एकाच विषयावरचे दोन धडे जवळजवळच्या इयत्तांत असतात आणि आठवणीत ते सहज एक होतात.

मग धड्याच्या सुरुवातीचा लेखक-परिचय नीट वाचा. वरच्या इयत्तांत तिथेच धडा कोणत्या पुस्तकातून घेतला ते दिलेलं असतं. हे महत्त्वाचं, कारण पाठ्यपुस्तकात आलेली कथा बहुतेकदा संपादित असते. परिच्छेद गाळलेले असतात, बोलीतले शिवराळ शब्द सौम्य केलेले असतात, क्वचित शीर्षकही मंडळाने दिलेलं असतं. शिवाय ज्याला आपण कथा समजत होतो तो कादंबरीतला किंवा आत्मचरित्रातला तुकडा निघू शकतो. ‘श्यामची आई’मध्ये ४२ ‘रात्री’ आहेत आणि ओचे पसरण्याचा प्रसंग ‘थोर अश्रू’ या सहाव्या रात्रीतला. मूळ पुस्तक उघडल्याशिवाय त्या हट्टी मुलाचं पुढे काय झालं ते कळत नाही.

परिचयात पुस्तकाचं नाव नसेल तर लेखकाच्या सगळ्या संग्रहांच्या अनुक्रमणिका पाहाव्या लागतात. संग्रहाचं नाव कथेच्या नावावरून असेल असं धरू नका. भास्कर चंदनशिवांचे संग्रह म्हणून ‘जांभळढव्ह’, ‘मरणकळा’, ‘अंगारमाती’ ही नावं समोर आली, तर आपली कथा कशात आहे हे नावावरून कळणार नाही. अनुक्रमणिकाच बघायला हवी. बुकगंगासारख्या ऑनलाइन पुस्तक दुकानात काही पुस्तकांची सुरुवातीची पानं चाळता येतात आणि अनुक्रमणिका त्यातच असते. संग्रह छापील बाजारात नसेल तर लेखकाच्या ‘निवडक कथा’ बघा. पाठ्यपुस्तकात गेलेली कथा त्यात असण्याची शक्यता बरीच.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे आणि ते मोफत वाचण्यात काही वावगं नाही. ज्यांचे हक्क अजून आहेत त्यांचा संग्रह विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. अख्खी कथा टाइप करून गटागटांत फिरवू नका. फिरता फिरता तिच्यावरचं लेखकाचं नाव गळून पडतं, आणि पुढच्या शोधणाऱ्याची वाट तिथेच बंद होते.

मूळ आणि पाठ्यपुस्तकातला मजकूर शेजारी ठेवून एकदा वाचा. आधी पाठ्यपुस्तकातला, कारण ओळख त्याची आहे, त्यानंतर मूळ. गाळलेल्या जागा पेन्सिलीने खुणवा. ज्या पुस्तकात धडा मिळाला त्याचं साल, इयत्ता, माध्यम, पान, आणि मूळ संग्रहाचं नाव त्याच पहिल्या कागदाच्या खाली लिहून तो पुस्तकात ठेवा. आणि मिळालेलं जुनं बालभारती तुमच्याच माळ्यावर निघालं असेल, तर ते रद्दीला देण्याआधी बालभारतीच्या संग्रहात ते वर्ष आहे का, एवढं पाहून घ्या. नसेल तर ग्रंथालयाला कळवा.